घोडा ओळखणारी राणी

भिंतीवरची चित्रं : साप्ताहिक सदर
दारव्हा

जून महिना आला की झाशीच्या राणीची चित्रं घरोघरच्या फोनवर यायला लागतात. पुण्यतिथी 17 जूनला धरायची की 18 ला, यावर जाणकारांत अजून दुमत आहे. चित्राबाबत मात्र दुमत उरलेलं नाही. घोडा मागच्या पायांवर उभा, राणीचा हात वर, हातात तलवार आणि पाठीशी बांधलेलं तान्हं मूल. शाळेच्या गॅदरिंगला आमच्या दारव्ह्याच्या पोरीही अशाच नटून येतात. नेसायला नऊवारी, पुठ्ठ्याला चमकीचा कागद चिकटवून केलेली तलवार आणि पाठीवर ओढणीने करकचून बांधलेली बाहुली. ऐन वेळी बाहुली सापडली नाही तर पोरगी रडकुंडीला येते. बाहुलीशिवाय आपण झाशीची राणी दिसणारच नाही, अशी तिची खात्री असते.

या आठवड्यात ज्या चित्राबद्दल लिहायचं आहे, त्यात ती बाहुली नाही.

चित्र कलकत्त्याचं आहे, कालीघाटचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतलं, साध्या गिरणीच्या कागदावर जलरंगात काढलेलं. एका बाजूने दिसणारा घोडा, त्यावर राणी, उगारलेली तलवार. एवढंच. मागे किल्ला नाही, तोफा नाहीत, धूर नाही, शत्रूही नाही. घोड्याच्या भोवतीचा सगळा कागद मोकळा. मी पहिल्यांदा हे चित्र छापील पुस्तकात पाहिलं तेव्हा आधी नजरेत भरला तो हा मोकळेपणा. तिच्या शौर्याला साक्ष म्हणून दुसरं काहीही चित्रकाराने जवळ ठेवलेलं नाही.

कालीघाटच्या कालीमंदिराची आजची वास्तू 1809 सालची. यात्रेकरू वाढले तसे बंगालच्या खेड्यांतून पट काढणारे, म्हणजे पटुआ, मंदिराच्या आसपास येऊन बसले. गावाकडे ते लांबच लांब पट उलगडत गाणं म्हणत गोष्ट सांगायचे. शहरातल्या यात्रेकरूला तेवढी सवड कुठली? त्याला घरी न्यायला एक चित्र हवं होतं, तेही दोन पैशांत. म्हणून लांब पटाचा एकेरी कागद झाला. घरातला जाणता माणूस बाह्यरेषा ओढायचा, बायका-पोरं रंग भरायची. काजळी, नीळ, हळद असले रंग आणि खारीच्या नाहीतर बकरीच्या केसांचा कुंचला. रेषेच्या आतल्या कडेला गडद रंगाचा हात फिरवून तो आत फिका करत नेला की मांडी, दंड, घोड्याची मान गोल दिसू लागायची. हात इतका सरावलेला की एकाच झपाट्यात पाठीची आख्खी वळणदार रेघ उतरायची.

या कागदांवर काली आणि दुर्गा होत्याच. त्याबरोबर तोंडात कोळंबी धरलेलं मांजर होतं, बायकोच्या पायाशी लोळणारा बाबू होता, 1873 मध्ये तारकेश्वरच्या महंतामुळे झालेल्या एलोकेशी खून प्रकरणाची मालिका होती, वाघाशी कुस्ती खेळणारा श्यामाकांत होता. देव, गावभरची चर्चा आणि शहरातला तमाशा एकाच दुकानात, एकाच दोरीवर टांगलेले. झाशीची राणी त्या दोरीवर आली.

कुठल्या शहरात आली, हेही पाहिलं पाहिजे. कलकत्ता तेव्हा राजधानी होतं आणि 1911 पर्यंत राहिलं. राणीचं राज्य खालसा करण्याचा निर्णय याच शहरातून निघाला. 1858 च्या एप्रिलमध्ये झाशी पडल्यावर तिच्या वडिलांना, मोरोपंत तांब्यांना, फाशी दिलं ते इथल्याच सरकारने. त्या सरकारच्या उंबऱ्याशी, देवीच्या दारात, एक पटुआ तिला तलवार देऊन घोड्यावर बसवतो आणि यात्रेकरू तिला गुंडाळून घरी नेतो. पटुआने हे बंड म्हणून केलं असं मी म्हणणार नाही. तो पोटासाठी चित्रं काढत होता. पण म्हणूनच या कागदाचं मोल मला जास्त वाटतं. गिऱ्हाइकाला जे हवं तेच दोरीवर टिकतं. बंगालातल्या साध्या माणसांना ती हवी होती.

बंगाली मनाने तिला तेव्हापासून आपलीच मानलं आहे. किशोरवयातल्या रवींद्रनाथांनी ‘भारती’ मासिकात तिच्यावर लेख लिहिला. पुढे महाश्वेतादेवींचं पहिलं पुस्तक तिच्यावरच निघालं, ‘झांसीर रानी’, 1956 साली. त्यासाठी त्या झाशी-ग्वाल्हेरच्या मुलखात हिंडल्या, लोकांच्या तोंडची गाणी आणि आठवणी गोळा केल्या. आणि ही बाई कोण? काशीत जन्मलेली, बिठूरला दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या तांब्यांची मनू, नेवाळकरांची सून. घरात मराठी बोलणारी.

तिचं आणि आपल्या वऱ्हाडाचं नशीब एकाच कागदी वादळात सापडलं, हे इथल्या शाळांतून फारसं सांगितलं जात नाही. मे 1853 मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड कंपनीच्या हाती दिलं. आपलं दारव्हाही त्यात गेलं. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला राणीचे पती, झाशीचे गंगाधरराव वारले आणि वीस दिवसांनी, 11 डिसेंबरला, नागपूरचे तिसरे रघुजी भोसले. 1854 मध्ये झाशी आणि नागपूर दोन्ही खालसा. नागपूरच्या भोसल्यांच्या पागेतले हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोल विकले गेले आणि जवाहीर विकायला कलकत्त्याला गेलं. नागपूरच्या बांकाबाई अर्जविनंत्या करत राहिल्या, झाशीच्या लक्ष्मीबाईंनीही आधी अर्जच केले. जॉन लँग हा वकील 1854 मध्ये तिचा खटला समजून घ्यायला झाशीला गेला होता. ती पडद्याआड बसून बोलली आणि तिच्या दत्तक मुलाने, लहानग्या दामोदराने, मध्येच पडदा सारला म्हणून लँगला तिचं ओझरतं दर्शन झालं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तलवार त्यानंतर तीन वर्षांनी आली. आपण मुलांना तलवारीपासून गोष्ट सांगतो आणि अर्जांचे ते महिने गाळून टाकतो.

घोड्यावरची राणी हा विषय दख्खनला नवा नव्हता. अठराव्या शतकात इकडच्या चित्रकारांनी चांदबिबीची चित्रं पुन्हा पुन्हा काढली. ती घोड्यावर आहे, हातावर शिकारी ससाणा आहे, बरोबर चाकर आहेत. ही तीच चांदबिबी, जिने 1595-96 च्या वेढ्यात अहमदनगरच्या तटाला सुरुंगाने पडलेलं खिंडार रातोरात बुजवून घेतलं. पण वेढा उठवण्यासाठी तिला मोगलांना काहीतरी द्यावं लागलं आणि तिने दिलं ते वऱ्हाड. एका घोडेस्वार राणीने अहमदनगर वाचवताना आपला मुलूख सोडून दिला, हा इतिहास वऱ्हाडी माणसाला टोचतो. तरीही चांदबिबीचं ते चित्र पाहताना तिच्याबद्दल आदरच वाटतो. ती लढताना नाही, शिकारीला निघालेली आहे, आणि चित्रकाराला तेवढं पुरलं. घोड्यावर बसणं हा तिच्या रोजच्या जगण्याचा भाग होता, हे त्याने दाखवलं.

हीच गोष्ट लक्ष्मीबाईंबद्दल सांगणारा एक साक्षीदार आपल्या भाषेत आहे. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, म्हणून 1857 मध्ये हा गरीब भिक्षुक काकांबरोबर उत्तरेला निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार होत्या, तिथे दक्षिणा मिळेल ही आशा. वाटेत बंडाने गाठलं आणि वेढ्याच्या दिवसांत ते झाशीतच अडकले. पुढे म्हातारपणी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी सगळं लिहून काढलं. सरकारची धास्ती होती, म्हणून ‘माझा प्रवास’ छापून निघालं ते भटजी गेल्यानंतर, 1907 साली. राणीला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं इतकं सविस्तर मराठी लेखन दुसरं नाही.

गोडसे भटजी राणीच्या दिवसाचा क्रम सांगतात. पहाटे उठून व्यायाम, मग घोडा फिरवणं, स्नान, पूजा, दरबार. कधी साधं पांढरं लुगडं, कधी पुरुषी वेश, पायजमा, अंगात बंडी, डोक्याला टोपी आणि तिच्यावर गुंडाळलेलं वस्त्र, कमरेला दुपट्टा आणि तलवार. फिर्यादी स्वतः ऐकायच्या, कधी हुकूम स्वतःच लिहायच्या. एकदा थंडीत भिकाऱ्यांची गर्दी वाड्याशी जमली, तेव्हा त्यांच्यासाठी टोप्या, बंड्या नि कांबळी वाटायची व्यवस्था त्यांनी केली.

पण माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते घोड्यांच्या प्रसंगात. उत्तर हिंदुस्थानात घोड्याची पारख करण्यात ज्यांची ख्याती होती त्या मोजक्या नावांत भटजी या बाईंचं नाव घेतात. एक सौदागर दोन उमदे घोडे घेऊन आला. दिसायला दोन्ही सारखेच देखणे. बाईसाहेब आळीपाळीने दोघांवर बसल्या, फेऱ्या मारल्या आणि एकाची किंमत भरपूर लावली, दुसऱ्याची अगदी नगण्य, कारण याची छाती दुखावलेली आहे. सौदागराने ते कबूल केलं. कोणाला वाटेल, वेढा आणि लढाईच्या गोष्टीत एवढ्याशा प्रसंगाला काय महत्त्व? मला तो सगळ्या मोहिमेइतका मोलाचा वाटतो. घोड्याची छाती दुखावली आहे हे वरून दिसत नाही. बसल्यावर मांडीला कळतं, चालीत कुठेतरी कणभर कच खाल्ली जाते तिथे कळतं. हे कळायला लहानपणापासून खोगिरावर दिवस काढावे लागतात, पडावं लागतं. ती बिठूरला पेशव्यांच्या पोरांबरोबर हे शिकली. तिच्या अंगात काही अचानक देवी संचारली नव्हती. ती शिकलेली स्वार होती.

1858 च्या एप्रिलमध्ये झाशीचा तट सोडून ती रात्रीतून निघाली आणि काल्पीच्या दिशेने एका दमात मैलोगणती गेली, त्यामागे ही पारख आणि ही मांड आहे. पुढे काल्पीच्या वाटेवरच्या एका विहिरीपाशी भटजींना ती पुन्हा भेटते. पठाणी पोशाख, अंगभर धुरळा, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती त्यांच्या विद्वत्तेचा मान राखून त्यांना थांबवते आणि पाणी आपल्या हाताने काढून पिते. या पानापाशी मी दर वेळी थांबतो.

आता मुलाकडे येऊ, कारण वाचकांपैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. पाठीशी मूल बांधल्याचा उल्लेख भटजींच्या लिहिण्यातही आहे, तेव्हा ते कोणी मागाहून रचलं असं मी म्हणत नाही. पण दामोदरराव 1853 मध्ये दत्तक घेतला गेला तेव्हाच चालता-बोलता होता. झाशी पडली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. भटजी तर त्याचं वय त्याहून मोठं सांगतात. म्हणजे ज्याला आपल्याकडे घरचे दुकानातून साखर आणायला पाठवतात तेवढा पोरगा. शिल्पकारांनी आणि कॅलेंडरवाल्यांनी त्याला लहान लहान करत पार तान्ह्यावर आणलं. हा दामोदरराव ग्वाल्हेरच्या लढाईतून वाचला, सोबतच्या माणसांनी त्याला रानोमाळ लपवत जगवला, पुढे तो इंदूरला राहिला आणि 1906 मध्ये वारला. त्याचं स्वतःचं एक खडतर आयुष्य आहे. पुतळ्यांनी त्याला गाठोडं करून टाकलं.

आणि राणीचं काय केलं? माझी तक्रार इथे आहे. मूल पाठीवर आलं की पाहणाऱ्याला पटकन उत्तर मिळतं, की ही बाई लढली कारण ती आई होती. लेकरासाठी वाघीण होणाऱ्या आईचं कौतुक करायला आपल्याला जड जात नाही. सही-शिक्क्याचा अधिकार चालवणारी, फिर्यादी ऐकणारी, तोफा ओतवून घेणारी, बायकांना हत्यार चालवायला शिकवणारी, घोड्याच्या छातीतला दोष ओळखणारी बाई मात्र पचायला वेळ लागतो. तिला आई केलं की सगळ्यांची सोय होते. आपलं राज्य आपण चालवायला समर्थ आहोत, हे तिचं म्हणणं होतं. दत्तक मंजूर करा, एवढी विनंती त्यात होती. पण त्या विनंतीमागे स्वतःच्या कर्तबगारीचा भरवसा होता, तो चित्रातून निघून गेला.

कालीघाटच्या पटुआने राणीला कधी पाहिलेलं नव्हतं. तिचा अस्सल म्हणून सर्वमान्य झालेला फोटो आज आपल्याकडेही नाही. त्याने आपल्या हाताला सवयीचा चेहरा तिला दिला, लांबट डोळ्यांचा, गोल हनुवटीचा, जो तो दुर्गेलाही द्यायचा आणि बाजारातल्या बीबीलाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला आपली मुलं स्मरणचित्र काढतात, तसंच ते ऐकीव गोष्टीवरून काढलेलं चित्र. आणि स्मरणचित्रात माणूस काय ठेवतो? जे त्याला मुख्य वाटतं ते. पटुआने घोडा ठेवला, तलवार ठेवली, बाई ठेवली. चेहरा चुकला असेल, पोशाख चुकला असेल, पण गोष्टीचा गाभा त्याने बरोबर धरला.

असली चित्रं टिकली ती बहुतेक परक्यांच्या कपाटांत. जॉन लॉकवुड किपलिंगने जमवलेली कालीघाट चित्रं त्याच्या मुलाने, रुडयार्डने, 1917 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाला दिली. कालीघाट चित्रांचा सर्वात मोठा संग्रह आज तिथे आहे. आपल्याकडे ती भिंतीवर लागली, धुराने काळवंडली, कसरीने खाल्ली. मग जर्मनीहून चकचकीत छापील चित्रं आली, 1894 मध्ये मुंबईला रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि हाताने काढणाऱ्यांचा धंदा बसत गेला. चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्या आपल्या चित्रकथींचंही तेच झालं असतं. पैठणच्या पोथ्या दिनकर केळकरांनी धडपड करून पुण्याच्या संग्रहालयात आणल्या म्हणून आज पाहायला मिळतात, आणि पिंगुळीच्या ठाकर घराण्यांनी नेटाने कला धरून ठेवली, ज्यातले परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. दारव्हा-दिग्रस भागात जुन्या घरांच्या देवघरात, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत तळाला घातलेले जुने छापील कागद अजून निघतात. दिवाळीच्या साफसफाईत ते जाळू नका, एवढं कळकळीने सांगतो. निदान फोटो काढून ठेवा आणि मागे कोणाचं घर, कुठली भिंत ते लिहून ठेवा.

राणीच्या चित्रात आणखी माणसं यायला हवीत, हेही बोललं पाहिजे. कोरी समाजातली झलकारीबाई राणीच्या स्त्री-सेनेत होती. किल्ल्यावरून राणी निघाली तेव्हा राणीचा वेश घेऊन शत्रूला तिने गुंतवून ठेवलं, ही आठवण बुंदेलखंडातल्या लोकांनी सव्वाशे-दीडशे वर्षं तोंडी जपली. पाठ्यपुस्तकांनी तिची दखल फार उशिरा घेतली. टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं ते 2001 मध्ये. ग्वाल्हेरला राणीच्या सोबत लढणारी मुंदरही पडली. घोड्यावरच्या बायका एकीहून जास्त होत्या. आपण पुतळ्याला एकच घोडा देतो.

शाळा आता उघडतील. चित्रकलेच्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. 19 नोव्हेंबरला राणीची जयंती असते, हाताशी भरपूर वेळ आहे. ‘माझा प्रवास’ शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर मागवा, सौदागराच्या घोड्यांचं आणि विहिरीचं, एवढी दोनच पानं वर्गात मोठ्याने वाचा आणि मग कोणतंही छापील चित्र समोर न ठेवता मुलांना काढायला सांगा. झलकारी काढू द्या, मुंदर काढू द्या, दामोदर काढायचा असेल तर आठ वर्षांचा काढू द्या, हवं तर वेगळ्या घोड्यावर. कागद मोकळा राहिला तर राहू द्या, मार्क कापू नका.

घोडा मात्र नीट काढून घ्या. मुलं घोड्याचे मागचे पाय माणसाच्या गुडघ्यासारखे वाकवतात आणि लगाम कुठेच पोचत नाही असा लोंबता ठेवतात. दारव्ह्यात वरातीच्या घोड्या पाळणारे आहेत. एखाद्या सकाळी त्यांना चार पैसे देऊन घोडी शाळेच्या मैदानात बोलवा. लगाम कुठे अडकतो, रिकिबीत पाऊल किती घालायचं, मांड कशी घट्ट धरायची, खूर दुखत असेल तर चाल कशी बदलते, हे त्या माणसाला विचारायला लावा. आणि आधी पोरींना बसू द्या.